नवापूरचे न्याय्य प्रमाण

मॉडेल रेल्वेत ‘ओओ’ म्हणजे 1:76, ‘एचओ’ म्हणजे 1:87. रूळ मात्र दोन्हींचे 16.5 मिलिमीटरच. त्यामुळे ‘ओओ’चे थोराड इंजिन ‘एचओ’चे हडकुळे डबे बिनदिक्कत ओढते. शौकीन नाक मुरडतात. आम्ही या औदार्याचे जाहीर अभिनंदन करतो.

नवापूर स्थानकाच्या मॉडेलला तर हेच शोभेल. स्थानक अर्धे गुजरातेत, अर्धे महाराष्ट्रात. तेव्हा एका राज्याने इंजिन द्यावे, दुसऱ्याने डबे. (कोणी काय, हे जाणत्यांनी ओळखावे.) सीमारेषेवर प्रवाशाने तेरा टक्के अंग चोरावे, एवढेच.

नवापूरच्याच जिल्ह्यातल्या, पण तापीपलीकडच्या शहादा, तळोदा, अक्कलकुवा, धडगावचे मॉडेल आम्ही कधीच पूर्ण केले आहे, तेही 1:1 प्रमाणात. रूळ नाहीत, इंजिन नाही, डबे नाहीत. मिलिमीटरचाही फरक सापडणार नाही.