मिस्तरीले कायले बोलवायचं?

होळी आटोपली की यवतमाळात माळ्यावरचे, गॅलरीतले कूलर पुढे ओढले जातात. ताट्यांमधलं गवत काळं पडलेलं असतं, टाकीत पाली मुक्कामाला असतात. सगळं धुऊन-पुसून बटण दाबलं तर कूलर नुसता गुणगुणतो. पंखा जागचा हलत नाही. इथं घरधन्याच्या अंगात मिस्तरी संचारतो.

"मिस्तरीले कायले बोलवायचं? कंडेन्सर गेलं असन!"

गंमत म्हणजे निदान बहुतेक वेळा बरोबर निघतं. मोटार गुणगुणते पण काडीनं ढकलल्याशिवाय पातं फिरत नाही, तर संशय कंडेन्सरवरच घ्यावा. तो २.५ मायक्रोफॅरडचा, शंभराच्या आत मिळणारा डबा. पण तो आणायला दत्त चौकात गेलेला गृहस्थ टेस्टर, पान्यांचा संच, जास्तीचा पंप आणि उसाचा रस एवढं उरकून परततो. तेवढ्यात मिस्तरी येऊन, काम करून, चहाही पिऊन गेला असता.

कूलर सुरू करायची इतकी घाई का, हे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेला की कळतं. एक लिटर पाणी वाफ होताना हवेतली विजेच्या पाऊण युनिटापेक्षा थोडी कमी उष्णता ओढून घेतं. हवा कोरडी असेल तरच हे जमतं. म्हणून वऱ्हाडात कूलर राजा आणि मुंबईत नुसता दमट पंखा. फक्त या राजाला पाणी लागतं भरपूर. २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळची निळोणा आणि चापडोह ही धरणं तळाला गेली, तेव्हा कूलर भरायचा की आंघोळ करायची, यावर घरोघरी चर्चासत्रं झाली असणार.

एका ठिकाणी मात्र मिस्तरीगिरीची ही हौस महागात पडते. महावितरण दर उन्हाळ्यात सांगतं: अर्थिंग बघा, पाणी भरताना प्लग काढा. तरी तिसरी पिन बिनकामाची समजून ती तोडणारे महाभाग आहेतच. लोखंडी टाकी, ओले हात आणि तुटकी पिन यांचा शेवट कसा होतो, ते विदर्भातली वर्तमानपत्रं जवळजवळ दर उन्हाळ्यात छापतात.

बाकी चुका परवडतात. मोटारीच्या वायरींची अदलाबदल झाली, तर पंखा झोकात फिरतो, पण उलटा. घरातले घामाघूम होऊन एकमेकांकडे बघतात. खिडकीबाहेर शेजारचे काका खुर्ची टाकून बसलेले असतात.

"राहू द्या भाऊ, हात नका लावू! मस्त हवा येऊन राहिली."