मोटारविम्याचं केवायसी : साहित्य, संकल्प आणि विधी

कोणत्याही पूजेचा संकल्प सोडताना भटजी यजमानाचं गोत्र विचारतात. ते आठवलं नाही तर ‘काश्यप म्हणा’ असं सांगून पुढे सरकतात. काश्यप असल्याचा दाखला कोणी मागत नाही. मोटारीच्या विम्याचं केवायसी हा अधिक कडक संप्रदाय आहे. यजमान फोनवर हजर आहे, प्रीमियम भरायला कार्ड हातात धरून बसला आहे, तरीही तो तोच असल्याचं कागदानं सांगितल्याखेरीज त्याचा नैवेद्य स्वीकारला जात नाही.

विधी फार प्राचीन नाही. विमा नियामकानं १ जानेवारी २०२३ पासून मोटार, आरोग्य, प्रवास अशा सगळ्या नव्या पॉलिसींना केवायसी सक्तीचं केलं. त्याआधी मोटारविम्यात ओळखपत्रांचा प्रश्न साधारणपणे दाव्याची रक्कम लाखावर गेली की निघायचा. पैसे घेताना कंपनीचा माणसावर विश्वास असे, देताना तो डळमळत असे. आता अविश्वास पहिल्या दिवसापासून आहे, त्यामुळे निदान फसगत होत नाही. व्रत टाळण्याचीही सोय नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार थर्ड पार्टी विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही. पहिल्यांदा सापडल्यास दंड २००० रुपये, पुन्हा सापडल्यास ४०००, शिवाय कायद्यात तीन महिन्यांपर्यंतच्या कैदेचीही तरतूद आहे. ‘केवायसी अडकलंय’ हे चौकातल्या हवालदाराला सांगून पाहायला हरकत नाही.

साहित्य : पॅन कार्ड, आधार, पासपोर्ट, लायसन्स किंवा मतदार ओळखपत्र यांपैकी काहीही (रोजगार हमीचं जॉबकार्डही अधिकृत यादीत आहे, मोटारमालकांनी ते आणल्याचं मात्र ऐकिवात नाही), आरसी बुक, गेल्या वर्षीची पॉलिसी, आणि आधारला जोडलेला मोबाइल नंबर. शेवटची वस्तू सगळ्यांत दुर्मीळ. वडिलांच्या आधारला मुलाचा नंबर, मुलगा कॅलिफोर्नियात, तिथे रात्रीचे दोन वाजलेले आणि ओटीपीचं आयुष्य काही मिनिटांचं. अशा घरांनी मुहूर्त भारतीय वेळेनुसार काढू नये.

आता संकल्प, म्हणजे नाव. महाराष्ट्रात नाव तीन तुकड्यांचं असतं आणि हे तुकडे प्रत्येक कार्यालय आपापल्या आवडीनं रचतं. आरसीवर आडनाव आधी, पॅनवर शेवटी. लायसन्सवर वडिलांच्या नावाचं एकच अक्षर उरलेलं. आधारवर आजोबांच्या हौसेचा ‘राव’ अजून चिकटून. त्यात रोमन स्पेलिंग. ‘ज्ञानेश्वर’ मराठी माणूस ‘डीएन’नं सुरू करतो, हिंदी प्रदेशात ‘जीवाय’नं करतात आणि संस्कृतचे शिक्षक ‘जेएन’चा आग्रह धरतात. संगणकाला एका खुर्चीत तीन माणसं दिसतात आणि तो तिघांनाही नाकारतो. दत्तात्रयांचं दुःख शेवटच्या ‘ए’चं आहे. तो कुठल्या कार्डावर आहे आणि कुठल्यावर नाही, हे घरातल्या दत्तात्रयांना स्वतःला सांगता येत नाही.

यावर उपाय एकच. अर्जात आपलं खरं नाव लिहू नये, कार्डावरचं लिहावं. कार्डावर चूक असेल तर ती चुकीसकट लिहावी. दुरुस्तीचा मोह झालाच तर आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, हे ध्यानात ठेवून मोह पुरवून वापरावा.

विवाहित स्त्रियांसाठी उपविधी वेगळा. व्यक्तीच्या पॅन क्रमांकात चौथं अक्षर ‘पी’ असतं आणि पाचवं आडनावाचं आद्याक्षर. लग्नानंतर कार्डावरचं आडनाव बदलून मिळतं, क्रमांक मात्र तोच राहतो. त्यामुळे पंचवीस वर्षं सासरी काढलेल्या बाईंचं माहेर आयकर खात्यानं पाचव्या जागी जपून ठेवलेलं असतं. विमा कंपनीच्या एखाद्या चौकस प्रतिनिधीनं त्याबद्दल विचारलं, तर उत्तर शांतपणे द्यावं.

फोटो काढताना कार्डाचे चारही कोपरे दिसावेत. झेरॉक्सवाल्यानं प्रेमानं केलेल्या लॅमिनेशनवर ट्यूबलाइट पडली की जन्मतारखेच्या जागी सूर्योदय होतो. कार्ड खिडकीशी न्यावं. डिजिलॉकर असेल तर हा अध्याय गाळला तरी चालतो.

आधारची प्रत द्यावी की नाही, यावर शास्त्रकारांतच मतभेद झाले होते. २७ मे २०२२ रोजी आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयानं पत्रक काढलं, की झेरॉक्स कोणालाही देऊ नका, पहिले आठ आकडे झाकलेलं आधार द्या. त्याचा वेगळा अर्थ काढला जाईल म्हणून २९ मे रोजी सरकारनं ते मागे घेतलं आणि नागरिकांनी नेहमीचा विवेक बाळगावा असं सांगितलं. झाकलेल्या आधारची सोय तेव्हाही होती, आजही आहे. व्हॉट्सॲपवर अनोळखी नंबरावरून ‘पॉलिसी बंद होणार, ताबडतोब केवायसी करा’ असा निरोप आला तर मात्र कुठलंच आधार देऊ नये.

वडील गेले आणि गाडी त्यांच्याच नावावर राहिली, हा प्रसंग घरोघरी येतो. नूतनीकरणाचा मेसेज त्यांच्याच नावानं येत राहतो, तो भरून टाकण्याचा मोह होतो. केवायसीला मात्र त्यांनाच हजर करावं लागेल. त्यापेक्षा आरटीओत फॉर्म ३१ भरावा. मृत्यूनंतर तीन महिन्यांत तो देणं अपेक्षित असतं.

एवढं पार पडलं की यजमानाला चौदा आकडी केवायसी क्रमांक लाभतो. तो केंद्रीय नोंदवहीत जातो. एकदा पडताळलेला माणूस पुढच्या संस्थेनं तिथूनच उचलावा, अशी योजना. कधी उचललाही जातो. कधी बारा वर्षांपूर्वी बँक खातं उघडताना दिलेला भाड्याच्या खोलीचा पत्ता वर येतो आणि संकल्प पुन्हा सोडावा लागतो.

महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत स्वतःचं, आईचं, वडिलांचं नाव आणि मग आडनाव असा क्रम सक्तीचा आहे. ही मुलं २०४२ मध्ये अठरा वर्षांची होऊन गाडीचा विमा काढायला बसतील, चार नावं घेऊन, तीन चौकोनांच्या फॉर्मपुढे.