वळचणीच्या फळीचे रंगकर्म

कोकणातील कौलारू घराचे बाह्य लाकूडकाम, म्हणजे खिडक्यांच्या चौकटी व झडपा, पडवीचा कठडा, वाशांची टोके आणि ती झाकणारी वळचणीची फळी, रंगवण्याचा शास्त्रोक्त काळ दसऱ्यानंतर, ऊन चांगले तापू लागल्यावर येतो. व्यवहारात मात्र हे काम मुंबईकरांची दिवाळीची तिकिटे पक्की झाल्याचे कळल्यावरच निघते. पावसाळाभर भिजलेले लाकूड आतून ओलसर असताना त्यावर रंग चढवला, तर बाहेर पडू पाहणारी ओल रंगाला फोड आणते व पुढे त्याचे पोपडे सुटतात, हे घरातील सर्वांना ठाऊक असते. तरीही जो रंग चढवला जातो, त्याच्या टिकाऊपणाचे माप 'यंदापुरता' या एकाच परिमाणात मोजतात.

खरवडणे हा या कर्माचा गाभा असून गृहस्थाने तो टाळण्यासाठी केलेला युक्तिवादही तितकाच प्राचीन असावा. सुटे पोपडे पात्याने काढावेत आणि घट्ट राहिलेल्या रंगाच्या कडा पॉलिश पेपरने उतरत्या कराव्यात, एवढाच हा विधी. परंतु त्यात घराण्याचा इतिहास उलट्या क्रमाने उलगडतो. वरचा चॉकलेटी थर धाकट्या काकांच्या लग्नाचा, त्याखालचा पोपटी वाटणीपूर्वीचा, आणि तळाचा निळा नेमका कोणाच्या पैशाने लागला, या प्रश्नावर काम निदान अर्धा दिवस थांबते. घरगुती रंगांतील शिशावर दशलक्ष भागांत ९० भाग ही मर्यादा भारतात २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, त्यामुळे जुन्या थरांत शिसे असण्याचा संभव धरून ते कोरडे घासू नयेत, ओलसर करून घासावेत आणि मुलांना दूर ठेवावे. येथे थट्टेला जागा नाही.

यानंतर लांबी भरावी. लांबी म्हणजे खडूची भुकटी जवसाच्या तेलात मळून केलेला, भेगा बुजवण्याचा लगदा. वाशाचे टोक अंगठ्याने दाबताच आत जात असेल, तर ते काम लांबीचे नसून सुताराचे असते. पण सुतार दिवाळीनंतरचा वायदा देत असल्याने तेथेही लांबीच भरतात, आणि आतल्या वाळवीला आयते दार लावून मिळते. अस्तराचे, म्हणजे प्रायमरचे, दोन हात वाशाच्या टोकाला अवश्य द्यावेत, कारण लाकडाच्या उभ्या नळ्या तेथे उघड्या पडून सर्वाधिक पाणी पितात. ते टोक फळीआड असून पाहुण्यांना दिसत नाही, या कारणास्तव त्याला एकही हात मिळत नाही.

ऑइलपेंट वाळतो म्हणजे हवेतील प्राणवायू शोषून घट्ट होतो, म्हणून पहिला हात पुरता वाळल्याखेरीज दुसरा देऊ नये. उरलेल्या पावभर रंगावर याच कारणाने साय धरते. ती धरण्यापूर्वी तो रहाटाला, शिडीला, पाटाला आणि शेवटी, कोणी न सांगता, शेजाऱ्याच्या बाजूच्या बेड्याला लागतो.