कंपायलरकर

खरं आडनाव वेगळंच, पण ऑफिसात सगळे त्यांना पाठीमागे कंपायलरकर म्हणतात. असा एक ज्येष्ठ प्रत्येक टीमला लाभलेला असतो. प्रोग्राम चालला तर तो यांनी लिहिलेला. नाही चालला तर दोष कंपायलरचा. कंस मिटायचा राहिला तरी "एवढं त्याला कळायला नको?" म्हणत चष्मा पुसतात. ते स्वतः कधी चुकत नाहीत. कंपायलर त्यांच्याकडून चुका करवून घेतो.

एकदा बिलावर रकमेच्या जागी 'एनएएन' आलं, म्हणजे 'हा आकडाच नव्हे'. कंपायलरकर खुर्चीतून उठले. "कंपायलर बग! मी केव्हाचा सांगतोय."

या वेळी त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं. टाइपस्क्रिप्टमध्ये त्यांनी बिलाचा एक क्लास लिहिला होता आणि त्याच्यापासून सवलतीच्या बिलाचा दुसरा. रक्कम देणारा गेटर मूळ क्लासात. दुसऱ्यानं 'सुपर' म्हणून तीच रक्कम मागायची आणि दहा टक्के कापायचे. पण कोड निघत होता 2009 च्या ईएस ५ साठी. तिथं 'सुपर' म्हटलं की कंपायलर थेट मूळ क्लासच्या प्रोटोटाइपकडे धाव घेतो. गेटर चालतो, पण त्याच्या 'धिस'मध्ये समोरचं बिल नसतं, तो प्रोटोटाइपच असतो. घर सोडून नकाशालाच विचारायचं, आत कोण राहतं? उत्तर येतं 'अनडिफाइन्ड', आणि त्यातून दहा टक्के कापले की एनएएन.

"आता तरी पटलं?" कंपायलरकरांनी विचारलं.

नुकत्याच लागलेल्या एका मुलीनं फाइल जरा वर सरकवली. "सर, त्यानं एरर दिला होता. 2340. ईएस ५ मध्ये सुपरवरून बेस क्लासच्या फक्त मेथड वापरता येतात, असं. पण वरच्या ओळीत कोणीतरी टीएस-इग्नोर लिहिलंय." कोणी, ते तिनं सांगितलं नाही. कोडच्या इतिहासात दिसत होतं.

कंपायलरकरांनी ती ओळ दोनदा वाचली.

"म्हणजे त्याला माहीत होतं! माहीत असून गप्प बसला?"

"सर, तुम्हीच गप्प बस म्हणालात."

"मी म्हटलं म्हणून काय झालं? त्याला स्वतःची काही अक्कल?"

टार्गेट 2015 च्या ईएस ६ वर नेलं आणि बिलं बिनबोभाट निघू लागली. तो बदल कंपायलरकरांनी स्वतः कमिट केला. संदेश होता : 'वर्कअराउंड फॉर कंपायलर बग.'