विश्रांतीचे कायदेकानू

विश्रांती ही माणसाने आपल्या मर्जीने, आपल्याच अंथरुणावर आणि शक्यतो घरातल्या वडीलधाऱ्यांच्या नकळत घ्यावयाची गोष्ट आहे, अशी माझी बाळपणापासूनची श्रद्धा असल्यामुळे, जपानी लोकांनी हाच व्यवहार एखाद्या जिल्हा कचेरीच्या शिस्तीने चालवलेला पाहून मी प्रथम चकित झालो आणि मागाहून थकलो.

तिथे रानात हिंडण्याचीही सरकारी तजवीज आहे. झाडांच्या सान्निध्यात संथपणे फिरून मन निवविण्याचा ‘शिनरिन-योकू’ नावाचा जो वनस्नानाचा प्रकार आहे, त्याचा पुरस्कार 1982 साली खुद्द तिकडच्या वनखात्याने केला. आणि ज्या देशात वनखाते रयतेला आपण होऊन रानात बोलावते, त्या देशाचा उत्कर्ष आपल्याहून निराळ्या वाटेने झाला असला पाहिजे. ध्यानाचे म्हणाल, तर झेन मठात बसल्या जागी पेंगणाऱ्या साधकाच्या खांद्यावर भिक्षू लाकडी पट्टी हाणतो, आणि मार खाणाराच हात जोडून त्याला वंदन करतो. चहाही या अंमलातून सुटलेला नाही. सेन नो रिक्यू या थोर चहागुरूच्या परंपरेतील चहागृहाचे दार इतके बुटके, की सामुराईलाही तलवार बाहेर ठेवून गुडघ्यांवर सरपटत आत शिरावे लागे. चित्ताला शांतवणारा हा चहा हिदेयोशी नामक सत्ताधीशाने वर्षानुवर्षे प्राशन केला आणि 1591 साली त्याच रिक्यूला पोट चिरून मरण्याचे फर्मान सोडले. तेव्हापासून त्या चहाच्या गुणाविषयी मतभेदाला जागा आहे, असे मी अदबीने नमूद करतो.

परंतु या साऱ्या शिरस्त्यांचा मुकुटमणी म्हणजे स्नान. जपानी मनुष्य ठेंगण्या स्टुलावर बसून, साबण लावून, फेसाचा शेवटचा ठिपकादेखील धुऊन काढून, म्हणजे आपल्या हिशेबी आंघोळ यथासांग उरकून, मग आंघोळीला जातो. घरच्या टबातील तेच कढत पाणी सारे कुटुंब आळीपाळीने वापरते आणि पाहुणा आला तर पहिला मान त्याचा. उष्ण झऱ्याच्या सार्वजनिक कुंडात, ज्याला ‘ओन्सेन’ म्हणतात, दिगंबरावस्थेत उतरावे लागते. सोबत जो हातभर पंचा असतो तो पाण्यात बुडवण्यास सक्त मनाई, म्हणून त्याची घडी घालून ती मस्तकावर ठेवावयाची. अंगावर सूतही नाही आणि डोक्यावर मात्र वस्त्र, अशा स्थितीत पुरुषाला आपला हुद्दा, पगार आणि कुलवृत्तान्त ही तिन्ही एकदमच विसरावी लागतात.

ओन्सेन कशास म्हणावे, याचाही 1948 सालचा कायदा आहे. उगमापाशी पाणी निदान 25 अंश सेल्सिअस असावे, अथवा त्यात ठरावीक द्रव्यांपैकी एखादे पुरेशा प्रमाणात असावे, एवढी त्याची अट. या उष्णतेच्या कलमाखाली आमच्या कोकणातील कैक विहिरींना बसल्या जागी सनद मिळावी. कुसात्सू गावी पाणी इतके कढत येते, की गार पाणी मिसळून त्याचा गुण बुडवण्यापेक्षा बायका लांब फळ्यांनी, गाणी म्हणत, ते घुसळून निववतात. तरीही जुन्या रिवाजाप्रमाणे स्नानप्रमुखाच्या हुकमाने सर्वांनी एकसमयावच्छेदे उतरावयाचे, तीन मिनिटे भाजून घ्यावयाचे आणि हुकमानेच बाहेर पडावयाचे, अशी तिथे पूर्वी शिस्त असे. सोसेकीच्या ‘बोच्चान’ कादंबरीतील तरुण मास्तर गरम कुंड रिकामे पाहून हर्षाने पोहू लागतो, तर लौकरच तेथे पोहण्यास मनाई असल्याची पाटी लागते!

इतका जाच सोसूनही तिथून बाहेर पडणाऱ्यांचे चेहरे कमालीचे प्रसन्न दिसतात, याचा मी बराच खल केला. घरी स्वस्थ पडलेल्या माणसाकडे मुलीचे लग्न, विम्याचा हप्ता आणि साहेबाची वक्रदृष्टी यांना मुक्तद्वार असते. कुंडात बसलेला गृहस्थ मात्र डोक्यावरचा पंचा सावरण्यात आणि शेजाऱ्याकडे न पाहण्यात इतका गुंतलेला असतो, की कोणत्याही चिंतेला आत शिरण्यास तसूभर जागा उरत नाही. तेव्हा वाचकहो, संधी मिळाली तर खुशाल जा. अंग मात्र आधी नीट धुवा, आणि पाणी सोसवेना तर मुकाट्याने बाहेर या, गार पाण्याची बादली मागू नका.