‘फुल बॉडी चेकअप’ महाशयांस अनावृत पत्र

प्रति,
श्री. फुल बॉडी चेकअप पॅकेज
(७२ टेस्ट, घसघशीत सूट, घरपोच सेवा)
मु. पो. मोबाइल

विषय : आपल्या औदार्याबद्दल आभार आणि काही किरकोळ शंका.

महोदय,

सप्रेम नमस्कार. पत्र लिहिण्यास कारण की, आपण फार थोड्या काळात फार मोठे झालात. पूर्वी माणूस आजारी पडला की डॉक्टरकडे जायचा. डॉक्टर जीभ बघायचे, पोट दाबायचे आणि वाटलंच तर एका चिठोऱ्यावर ‘सीबीसी, युरिन रुटीन’ असं खरडून द्यायचे. हा सगळा द्राविडी प्राणायाम आपण मोडीत काढलात. आता आजार लागत नाही, डॉक्टर लागत नाही, ओटीपी लागतो. सदर अर्जदाराच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीसाठी दोनशे रुपये काढताना लोक दोन मीटिंगा भांडतात, पण आपली ऑफर आली आणि एकाच संध्याकाळी अख्खी बी विंग रक्त द्यायला तयार झाली.

आपल्या ७२ या आकड्याबद्दल अर्जदाराच्या मनात नितांत आदर आहे. तो जमतो कसा हे पाहावं म्हणून त्यानं एक रिपोर्ट समोर घेतला. जांभळ्या टोपीच्या एका नळीतलं रक्त मशीनमध्ये जातं आणि हिमोग्लोबिन, तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, एमसीव्ही, एमसीएच अशा वीसेक ओळी बाहेर पडतात. झाल्या वीस टेस्ट! यातल्या काही ओळी तर मोजलेल्याही नसतात. हिमोग्लोबिनला तांबड्या पेशींच्या संख्येनं भागलं की एमसीएच तयार. कोलेस्टेरॉलच्या पानावरचं व्हीएलडीएल बहुतेक ठिकाणी ट्रायग्लिसराइडला पाचनं भागून काढतात. एकूण प्रथिनांतून अल्ब्युमिन वजा केलं की ग्लोब्युलिन मिळतं, आणि मग त्या दोघांचं गुणोत्तर ही आणखी एक टेस्ट. लघवीच्या पानावर ‘रंग : फिकट पिवळा’ ही एक आणि ‘स्वरूप : स्वच्छ’ ही दुसरी. जे पाहायला माणसाला नुसती मान खाली घालावी लागते, ते आपण बारकोड लावून विकून दाखवलंत.

अर्थात रंग बघण्याला परंपरा आहे. मध्ययुगीन युरोपात वैद्य गोल बुडाच्या काचेच्या भांड्यात लघवी घेऊन ती उजेडात धरत आणि रोग्याचं तोंडही न पाहता निदान सांगत. या थोतांडावर थॉमस ब्रायन नावाच्या इंग्रजानं १६३७ मध्ये एक पुस्तकच लिहिलं आणि असल्या वैद्यांना मुतावरून भविष्य सांगणारे ठरवलं. रोगी न पाहता निदान करण्याची ही पद्धत आपल्याला कुठे पाहिल्यासारखी वाटली, तर तो निव्वळ योगायोग समजावा.

पण त्याच लघवीनं शहाण्या माणसांना खूप काही सांगितलंही. मधुमेहात लघवी गोड होते आणि तिला मुंग्या लागतात, हे आपल्याकडच्या वैद्यांना फार जुन्या काळापासून ठाऊक होतं. सतराव्या शतकात इंग्लंडच्या थॉमस विलिसनं तिची गोडी नोंदवून ठेवली. १७७६ मध्ये मॅथ्यू डॉब्सननं ती आटवून दाखवलं की तळाशी उरते ती खरोखरची साखर. पुढे बेनेडिक्टचं निळं द्रावण आलं. नळीत लघवीचे थेंब टाकून तापवायचं. हिरवं, पिवळं की विटकरी होतं, यावरून साखर किती ते ठरायचं. १९५६ मध्ये अमेरिकेत अल्फ्रेड आणि हेलन फ्री या दांपत्याच्या संशोधनातून बुडवायची कागदी पट्टी बाजारात आली आणि स्पिरिटचा दिवा विझला.

आणि एक नळी तर आपण, महोदय, फ्रेम करून ऑफिसात लावावी अशी आहे. १८४५ मध्ये लंडनच्या एका डॉक्टरांनी हेन्री बेन्स जोन्स या रसायनतज्ज्ञाकडे एका रुग्णाची लघवी पाठवली. सोबत चिठ्ठी : उकळल्यावर किंचित गढूळ होते, नायट्रिक ॲसिड टाकलं की निवळते, गार होताच घट्ट बसते, तापवली की पुन्हा पातळ, हे आहे तरी काय? एवढंच. सूट नाही, कूपन नाही. रुग्णाची हाडं दुखत होती आणि डॉक्टर कोड्यात पडले होते. त्या लघवीतल्या प्रथिनाला पुढे बेन्स जोन्स यांचंच नाव मिळालं. मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगाचा माग काढताना डॉक्टर आजही ते शोधतात. गंमत अशी की आपल्या पॅकेजातली पट्टी मुख्यतः अल्ब्युमिन ओळखते. हे प्रथिन तिला बहुधा दिसतच नाही. ते हवं असेल तर कुणालातरी ते मुद्दाम शोधावं लागतं.

दुसरं उदाहरण घरचं आहे. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असं रक्त सापडलं, की जे ‘ओ’ गटाचं दिसायचं पण ‘ओ’ गटाच्या रक्ताशीही जुळायचं नाही. त्यांनी ‘मशीन बिघडलं असेल’ म्हणून ते बाजूला ठेवलं नाही. सगळ्या माणसांत गृहीत धरलेला एच अँटिजेनच या लोकांच्या पेशींवर नाही, हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं आणि तो गट ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणून जगाला माहीत झाला. अशा माणसाच्या नुसत्या पेशी तपासल्या तर उत्तर ‘ओ’ येतं. त्याच्या सीरममध्ये ‘ओ’ गटाच्या पेशी मिसळून पाहिल्या की त्यांच्या गुठळ्या होतात आणि मग खरं कळतं. अशी उलट बाजूनं तपासणी न करता कुणी ‘ओ पॉझिटिव्ह’ असं ठळक अक्षरांत छापून दिलं आणि त्या भरवशावर त्याला ‘ओ’चं रक्त चढवलं, तर जीव जाऊ शकतो.

आता आपल्या चांदण्यांबद्दल. रिपोर्टवर आकड्याशेजारी ठळक चांदणी आली की घरातला रक्तदाब वाढतो. पण ‘नॉर्मल’ची हद्द बहुतेक टेस्टमध्ये ठरते कशी? निरोगी माणसांची रक्तं तपासून मधल्या ९५ टक्के लोकांचे आकडे ठेवायचे, दोन्ही कडांचे मिळून पाच टक्के बाहेर. म्हणजे शंभरातली पाच धडधाकट माणसं प्रत्येक टेस्टमध्ये जन्मजात नापास! एकमेकींशी नातं नसलेल्या वीस टेस्ट केल्या, तर ठणठणीत माणसालाही किमान एक चांदणी मिळण्याची शक्यता ६४ टक्के होते. ७२ टेस्टचं गणित ९७ टक्क्यांपर्यंत जातं. तुमच्या ओळी एकमेकींच्या सख्ख्या-चुलत असल्यामुळे प्रत्यक्षात आकडा खाली येत असेल. तरी धंद्याला पुरेसा आहे. चांदणीमागून पुन्हा टेस्ट, मग सोनोग्राफी, मग ‘एकदा मोठ्या डॉक्टरांना दाखवून घ्या’.

त्यात आपण ‘कॅन्सर मार्कर’ फुकटात घातलेत. सीए-१२५ हा मार्कर मासिक पाळीत, एन्डोमेट्रिओसिसमध्ये आणि गरोदरपणातही वाढतो. असा वाढलेला आकडा हाती आला, की त्या रात्री त्या घरात कुणाला झोप लागत नाही, याची नोंद कुठल्याच ओळीत येत नाही. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या खाणाऱ्यांचंही तसंच. काही पद्धतींत बायोटिनमुळे टीएसएच खोटं कमी आणि टी-फोर खोटं जास्त दिसतं, आणि थायरॉइड ठीक असूनही कागदावर तो उधळलेला असतो. याच बायोटिनमुळे ट्रोपोनिन खोटं कमी येऊन हार्ट अटॅक निसटू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएनं २०१७ मध्ये दिला होता. रक्त घ्यायला आपला मुलगा दाराशी येतो तेव्हा ‘उपाशी आहात ना?’ एवढंच विचारतो. गोळ्यांचं विचारत नाही.

त्या मुलाबद्दल तक्रार मुळीच नाही. सकाळी साडेसहापासून जिने चढणारा तो पोरगा आपल्या साखळीतला सर्वांत कष्टाळू माणूस आहे. पण त्याला घाई असते. पिवळ्या टोपीच्या नळीत रक्त कमी पडलं, की जांभळीतलं थोडं तिच्यात ओतायचा मोह होतो. जांभळीत पोटॅशियमयुक्त ईडीटीए असतं; तेवढ्यानं पोटॅशियम आभाळाला भिडतं आणि कॅल्शियम तळ गाठतं. आकडे असे की माणूस आयसीयूत हवा. आणि माणूस घरी पोहे खात बसलेला. करड्या टोपीची फ्लोराइडची नळी सोडून साध्या नळीत तसंच ठेवलेलं रक्त तासाला पाच ते सात टक्के साखर स्वतःच खाऊन टाकतं. मे महिन्यात मोटारसायकलच्या डिकीत दुपारपर्यंत फिरलेल्या रक्ताची ‘फास्टिंग शुगर’ छान येणारच.

आपल्या अमेरिकन भगिनीचं काय झालं हे आपण जाणताच. बोटाच्या टोकावरच्या थेंबभर रक्तात शेकडो टेस्ट करण्याचं वचन देणाऱ्या थेरानोस कंपनीची किंमत नऊ अब्ज डॉलरवर गेली होती. २०१५ मध्ये पत्रकार जॉन कॅरेरू यांनी उघडकीला आणलं, की बऱ्याचशा टेस्ट दुसऱ्याच कंपन्यांच्या मशीनवर होत होत्या. संस्थापक एलिझाबेथ होम्स यांना सव्वाअकरा वर्षांची शिक्षा झाली, ती गुंतवणूकदारांना फसवल्याबद्दल. रुग्णांना फसवल्याचे आरोप काही सिद्ध झाले नाहीत.

आपल्याकडे एवढी तांत्रिक झेप कुणी घेतली नाही. इथल्या धंद्यात ‘सिंक टेस्ट’ हा सुटसुटीत मार्ग आहे : नमुना बेसिनमध्ये, नॉर्मल रिपोर्ट कागदावर. रिपोर्टवर सही पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या डॉक्टरचीच हवी, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये सांगितलं. आता सह्या स्कॅन होतात आणि एकच सही एका सकाळी कितीतरी गावांत उमटते. लॅबचा दर्जा तपासणाऱ्या एनएबीएलची मान्यता घेणं ऐच्छिक आहे, आणि ज्यांनी घेतली त्यांची पॅकेजं म्हणे तितकीशी स्वस्त नसतात.

तरी अर्जदाराची विनंती अशी, की रिपोर्टवर मोजलेल्या ओळी आणि भागाकारानं आलेल्या ओळी वेगळ्या छापाव्यात; रक्त किती वाजता काढलं आणि किती वाजता लॅबला पोहोचलं, हे दोन्ही लिहावं; आणि सही करणाऱ्यानं तो रिपोर्ट निदान एकदा पाहावा. तसंच बुकिंगच्या फॉर्मवर नाव, वय, पत्ता आणि कूपन कोड यांचे रकाने आहेतच. त्यांच्या शेजारी ‘काय होतंय?’ असा एक रकाना बसतो का, तेही पाहावं.

कळावे, लोभ असावा.

आपला,
बारकोड चिकटवलेला एक नमुना
(उपाशीपोटी)