राज्यमाशाची उंची

गेल्या रविवारी मुलीच्या कंपासपेटीतली पट्टी खिशात घालून मी मासळीबाजारात गेलो. पंधरा सेंटीमीटरची पट्टी पुरणार होती. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये ५४ प्रजातींची किमान कायदेशीर लांबी ठरवून दिली, त्यात पापलेटला १३५ मिलिमीटर आली. त्याहून लहान पापलेट पकडायचं नाही, विकायचं नाही. त्याच वर्षी पापलेट राज्यमासाही झालं. शेकरू राज्यप्राणी, हरियाल राज्यपक्षी, त्यांच्याच पंगतीला पापलेट. फरक इतकाच की शेकरूला आपण रवा लावत नाही.

"मावशी, हे एकशे पस्तीसचं आहे का?"

"एकशे पस्तीसला शेपूट पण येत नाय, दादा. आठशेला जोडी."

मी खुलासा केला, पट्टी काढली, बर्फावरच्या एका पापलेटच्या अंगाला लावली. एकशे अठ्ठावीस. मावशीने कोयता खाली ठेवला, माझ्याकडे पाहिलं, मग पट्टीकडे पाहिलं.

"मेल्यावर उंची मोजून काय करता? पोलीस भरतीला बसवायचाय?"

आजूबाजूच्या चार पाट्या हसल्या. मी पट्टी खिशात घातली, पण प्रश्न काही खिशात मावेना. मासा मोजायची जागा बाजार नव्हे, जाळं. जाळ्याचं भोक, म्हणजे आस, बारीक असेल तर पिल्लू आत येणारच, आणि वर येईपर्यंत ते बहुधा मेलेलं असणार. मग त्याला कायदा वाचून दाखवा नाहीतर पुन्हा पाण्यात सोडा, त्याच्या दृष्टीने एकच. आसेचेही नियम आहेत म्हणा. पण खोल पाण्यात ओढलेल्या जाळ्याची आस तपासण्यापेक्षा मावशीच्या पाटीतला मासा मोजणं सोपं. पाटी पळून जात नाही.

यावर शास्त्रज्ञांकडे एक उपाय आहे: 'परिसंस्थाधारित मत्स्यव्यवस्थापन'. ज्याला धड काटा नाही त्या बोंबलाचाही काटा घशात अडकावा असा शब्द. अर्थ मात्र कोणत्याही कोळणीला पाठ असलेला. मासा एकटा नसतो, त्याचा संसार असतो. बोंबील जवळा खातो, बोंबलाला आणखी कोणी खातं, पिल्लं उथळ पाण्यात आणि खाडीच्या तोंडाशी वाढतात, खाडीला तिवरं लागतात. एकट्या पापलेटची लांबी ठरवून भागत नाही, अख्खं घर सांभाळावं लागतं.

आणि घर म्हटलं की आपल्याकडे वाटण्या आल्याच. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचं पाणी राज्याचं, त्यापुढे २०० मैलांपर्यंत केंद्राचं. मासा मत्स्यव्यवसाय विभागाचा, तिवरं वन विभागाची, बंदर सागरी मंडळाचं, नाल्यातून येणारं पाणी महापालिकेचं, त्यातलं रसायन प्रदूषण नियंत्रण मंडळाचं. पापलेटला खाडीतून खोल पाण्यात जायचं तर इतक्या हद्दी ओलांडाव्या लागतात, की मध्येच कुठेतरी त्याच्याकडे रहिवासी दाखला मागितला जाईल.

आता डहाणूजवळच्या वाढवणचं बघा. सातपाटी ते डहाणू हा पट्टा म्हणजे पापलेटचं माहेर. राज्यमाशाचा किताब मिळाला २०२३ मध्ये. ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याच माहेरी ७६ हजार कोटी रुपयांच्या बंदराची पायाभरणी झाली. समुद्रात चौदाशेहून जास्त हेक्टर भराव पडायचा आहे. म्हणजे आधी सत्कार, मग स्थलांतर. आपल्याकडे सत्कारमूर्तींनी शाल घेऊन निघायचं असतं, हे पापलेटला कोणीतरी वेळीच सांगायला हवं होतं.

पर्ससीन जाळ्याची गोष्ट तर आणखी बहारीची. हे जाळं थव्याला गोल वेढा घालतं आणि खालून नाडी ओढून बटव्यासारखं मिटतं. आत तारली, बांगडा, लहान, मोठा, गाभण, सगळेच. तामिळनाडूने ते बंद केलं, प्रकरण दिल्लीला गेलं, आणि जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम मुभा दिली: १२ मैलांपलीकडे, आठवड्यातून दोनच दिवस, सोमवार आणि गुरुवार, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. महाराष्ट्रात हा आदेश लागू नाही याचं मला फार वाईट वाटतं. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा. ज्या दिवशी अर्धं गाव मासे खात नाही, नेमक्या त्याच दिवशी पकडायचे! योगायोगाने का होईना, इतकं सात्त्विक वेळापत्रक आमच्या एकाही समितीला सुचलेलं नाही.

बंदीचंही तसंच. नारळी पौर्णिमेआधी होडी पाण्यात घालायची नाही, हा कोळीवाड्याचा जुना शिरस्ता. सरकारी बंदी १ जून ते ३१ जुलै. पौर्णिमा ऑगस्टात येते तेव्हा नारळ पडायच्या आधीच ट्रॉलर निघालेले असतात. बरं, बंदी १५ ऑगस्टपर्यंत वाढवा, असं खुद्द मच्छीमारांच्या कितीतरी संस्था सांगताहेत. दुकानदारांनीच येऊन दुकानं आणखी पंधरा दिवस बंद ठेवा म्हणावं, अशी ही मागणी. त्यामुळेच बहुधा तिच्यावर कोणाचा विश्वास बसत नाही.

एक गोष्ट मात्र मानली पाहिजे. जाळ्यात कासव, डॉल्फिन किंवा देवमासा अडकला आणि कोळ्याने जाळं कापून त्याला सोडलं, तर २०१८ पासून राज्यात २५ हजारांपर्यंत भरपाई मिळते. मोजमाप नाही, पट्टी नाही. प्राणी जिवंत गेला, जाळ्याचे पैसे आले. असं सरळ काही सरकारी कागदावर दिसलं की मला आधी ते चुकून झालं असावं असं वाटतं.

२०१९ मध्ये महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर जेमतेम दोन लाख टन मासळी उतरली. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने तो ४५ वर्षांतला नीचांक म्हणून नोंदवला. त्या वर्षी वादळं झाली हे खरंच. वादळाचं एक बरं असतं, त्याला खुलासा मागता येत नाही. आपणही त्या वर्षी एवढंच म्हणालो की पापलेट फार महागलं, आणि ताटात मावेल असं लहान घेतलं. हॉटेलवाले त्याला 'प्लेट साइज' म्हणतात. समुद्राची परिसंस्था आमच्याकडे थाळीच्या व्यासावर ठरते.

हे सगळं मी मावशीला उभ्या उभ्या ऐकवलं. तिने ऐकता ऐकता माझ्यासाठी दुसरं, पट्टीत पास होणारं पापलेट निवडलं, शिवाय एक भरलेला हलवा. खवलं उडाली, पोट चिरलं, आतून केशरी गाबोळीची जोडी बाहेर आली.

"माशांची एवढी काळजी करता," ती म्हणाली, "मग ही गाबोळी ठेवू का इथंच?"

"नको नको," मी पिशवी पुढे केली, "वेगळी बांधा. रस्स्यात फुटते."